कोठडीची वाट आणि इस्पितळाची वाट



आठवड्याच्या बाजाराचा दिवस आहे असे समजा. एस.टी. स्टँडाबाहेर ही गर्दी. तेवढ्यात एक अनोळखी माणूस तिथे येतो. अंगावर फाटके कपडे, केसांच्या जटा झालेल्या, पायांत काही नाही. तो कुणाशी तरी तावातावाने बोलतो आहे, आणि समोर तर कुणीच नाही. भज्यांच्या गाडीवरून तो मूठभर भजी उचलतो. गाडीवाला अंगावर धावून जातो, तसा हा बिथरतो, हाताला येईल तो दगड भिरकावतो आणि एस.टी.ची काच खळ्ळकन् फुटते. मग काय विचारता! कुणी म्हणतो चोर आहे, कुणी म्हणतो दारू प्यायलाय, कुणी म्हणतो अंगात आलंय. चार हात पडतात, आणि मग हवालदार येतो.

कायद्याचे पुस्तक उघडले तर इथे चोरी आहे, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस आहे, लोकांच्या जिवाला धोका आहे. तीन-चार कलमे सहज लागतील. पण माणूस तर उघड उघड आजारी दिसतो आहे. आता हवालदाराने त्याला न्यायचं कुठं? कोठडीत, की इस्पितळात? या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या माणसाचे पुढचे आयुष्य लोंबकळत असते. आणि गंमत अशी की हे उत्तर एकटा हवालदार देत नसतो. भोवती जमलेली माणसे त्याला काय सांगतात, काय मागतात, यावरही ते ठरते. म्हणून हा विषय पोलिसांपुरता नाही, तुमचा-आमचा आहे.

आधी कोठडीची वाट कुठे जाते ते पाहू. गुन्हा नोंदवला, अटक झाली, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले. गुन्हा किरकोळ असला तर जामीन मिळतो. पण जामीन राहायला माणूस हवा ना? ज्याला स्वतःचे नावगाव धड सांगता येत नाही, त्याला जामीनदार कोण मिळणार? मग रवानगी तुरुंगात. घरी गोळ्या चालू असल्या तर त्या तिथे तुटण्याची भीती. कानात येणारे आवाज काही गजांपाशी थांबत नाहीत. अपरिचित जागा, आरडाओरड, झोपेचे खोबरे, यांनी ते वाढतात. पुढे तारीख पडते. कोर्ट प्रश्न विचारते, त्याला तो कळत नाही. ज्याला आपला बचाव करण्याची समज उरलेली नाही त्याच्यावर खटला चालवू नये, असे कायदाच सांगतो, आणि ते न्याय्यच आहे. पण परिणाम काय होतो? खटला तहकूब. खटला नाही म्हणून निकाल नाही, आणि निकाल नाही म्हणून सुटकाही नाही.

हे कल्पनेचे खेळ नव्हेत. आसामातल्या एका खेड्यातील इसमाची हकीगत देशभर गाजली होती. 1951 साली एका दुखापतीच्या आरोपावरून त्याला पकडले. मनाचा आजार आहे म्हणून तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवले. 1967 साली तिथल्या डॉक्टरांनी तो बरा असल्याचा दाखला दिला. तो घरी जायला हवा होता; त्याला पाठवले गुवाहाटीच्या तुरुंगात. खटला कधी चाललाच नाही. 2005 साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाचे लक्ष गेले, तेव्हा एक रुपयाच्या जातमुचलक्यावर तो बाहेर पडला. चोपन्न वर्षे गेली होती, आणि वय झाले होते सत्याहत्तर. कुणी दुष्टपणाने त्याला डांबून ठेवले होते असे नव्हे. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला नाही, आणि विचारायला कुणी आले नाही, इतकेच. कोठडीच्या वाटेवर आजारी माणूस असाच हरवतो.

याहूनही चमत्कारिक एक प्रकार आपल्याकडे चालत असे. ज्यांच्यावर गुन्ह्याचा आरोपच नाही अशा मनोरुग्णांनाही केवळ ‘सुरक्षित राहावेत’ म्हणून तुरुंगात ठेवीत. शीला बारसे या पत्रकार बाईंनी ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. बंगालमधल्या तुरुंगांची पाहणी झाली, आणि 1993 साली न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला, की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे हे बेकायदेशीर आहे, घटनेच्या विरुद्ध आहे.

आता कायदा कसा बदलत गेला ते थोडक्यात सांगतो. इंग्रजी अमदानीत 1912 साली ‘ल्यूनसी अॅक्ट’ झाला. त्यात वेड्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी मुख्यतः बंदोबस्ताची होती. भटकणारा वेडा दिसला की पोलिसाने त्याला पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाने तो वेड्यांच्या इस्पितळात जावा. हा कायदा जाऊन 1987 साली नवा कायदा झाला; तो 1993 पासून अंमलात आला. भाषा सुधारली, पण वाट तीच राहिली: आधी ठाणे, मग कोर्ट, मग इस्पितळ. म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाने औषध घेण्याआधी कचेरीत हजेरी लावावी, तसला प्रकार.

2017 साली संसदेने मानसिक आरोग्य सेवा कायदा मंजूर केला आणि 2018 सालच्या मे महिन्यापासून तो देशात लागू झाला. या कायद्याचे शंभरावे कलम आपल्या विषयाचा गाभा आहे. आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. कलम शंभर. त्यात काय सांगितले आहे ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट. आपल्या हद्दीत एखादा माणूस भटकताना आढळला, त्याला मनाचा आजार आहे आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे मानण्यास कारण असले, तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तसेच आजारामुळे एखाद्याकडून स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे असे वाटले, तरी तेच कर्तव्य. ‘कर्तव्य’ हा शब्द कायद्यातलाच आहे. म्हणजे ही पोलिसाची मेहेरबानी नव्हे, आणि ‘आमच्याकडे हे काम येत नाही’ असेही त्याला म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट. शब्द आहे ‘संरक्षणात घेणे’. ‘अटक करणे’ नव्हे. त्या माणसाला आपण का नेतो आहोत हे सांगायचे. त्याला समजण्यासारखी स्थिती नसेल तर त्याच्या नेमलेल्या प्रतिनिधीला सांगायचे. हा प्रतिनिधी म्हणजे आजारी माणसाच्या वतीने निर्णयात भाग घेणारा त्याचा माणूस. पुष्कळदा तो घरातलाच असतो.

तिसरी गोष्ट. संरक्षणात घेतलेल्या माणसाला लवकरात लवकर, आणि कसेही झाले तरी चोवीस तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचे. कोर्टाची पायरी मध्ये नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अशा माणसाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. ‘रात्रीपुरतं बसू द्या आत, सकाळी बघू,’ हेसुद्धा चालत नाही.

पाचवी गोष्ट. डॉक्टरने तपासून सांगितले की याला इस्पितळात ठेवण्याची गरज नाही, तर पोलिसाने त्याला घरी पोचवायचे. घर नसेल तर बेघरांसाठी असलेल्या सरकारी निवाऱ्यात. आणि भटकणाऱ्या किंवा बेघर रुग्णाच्या बाबतीत हरवलेल्या माणसाची खबर म्हणून नोंद करायची व त्याच्या घरच्यांचा तपास लावायचा. इकडे रस्त्यावर जो आपल्याला ‘वेडा’ दिसतो, तो तिकडे कुणाच्या तरी घरातून हरवलेला मुलगा असतो, ही साधी गोष्ट कायद्याने इथे मान्य केली आहे. आपल्या महाराष्ट्रातच याचे मोठे उदाहरण आहे. डॉ. भरत वाटवानी व त्यांच्या पत्नी यांनी उभारलेली श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतला हेच काम करते: रस्त्यावरच्या रुग्णाला आणायचे, उपचार करायचे, शुद्धीवर आला की गाव विचारायचे आणि परराज्यात असले तरी घरी नेऊन सोडायचे. या कामासाठी डॉ. वाटवानींना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बरे होऊन घरी गेलेल्या या माणसांपैकी कुणाला पहिल्याच दिवशी चोर म्हणून आत टाकले असते तर?

आता कुणी विचारील, ‘जवळचा सरकारी दवाखाना’ कशाला? थेट मनोरुग्णालयात का न्यायचं नाही? याला दोन कारणे आहेत. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या किंवा खानदेशाच्या एखाद्या खेड्यातून तिथे पोचायला दिवस मोडतो. दुसरे कारण वैद्यकीय आहे. वेड्यासारखे वागणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. मधुमेहाच्या माणसाची साखर एकदम उतरली तर तो बरळतो, झोकांड्या खातो, भांडतो. लोकांना वाटते दारू प्यायला. डोक्याला मार लागलेला, मेंदूत ताप गेलेला माणूसही असाच वागतो. रोजच्या दारुड्याची दारू एकाएकी तुटली की दोन-चार दिवसांत त्याला भिंतीवर किडेमुंग्या दिसू लागतात, हातपाय थरथरतात. तेव्हा उपचार झाला नाही तर जीव जातो. अशा माणसाला कोठडीत टाकले तर सकाळी दार उघडणाऱ्यावर काय प्रसंग येईल? दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासायला दोन मिनिटे लागतात. म्हणून पहिली पायरी ग्रामीण रुग्णालय किंवा जिल्हा रुग्णालय. आणीबाणीची वेळ असेल तर कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, प्रतिनिधी हजर असल्यास त्याची संमती घेऊन, बहात्तर तासांपर्यंत तातडीचे उपचार करता येतात.

इथे हवालदाराच्या मनातला प्रश्न रास्त आहे. तो म्हणतो, ‘मी काय डॉक्टर आहे? सोंग करतोय की खराच आजारी, हे मी कसं ओळखू?’ कायदा त्याच्याकडून निदान मागतच नाही. ‘मानण्यास कारण आहे’ एवढेच पुरे. निदान डॉक्टर करील. सोंग असले तर तेही डॉक्टरच सांगेल, आणि मग कायद्याचा नेहमीचा रस्ता आहेच.

दुसरा प्रश्न भजीवाल्याचा. ‘माझं नुकसान झालं त्याचं काय? वेडा म्हणून सगळं माफ?’ हाही प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. किरकोळ बाबतीत भज्यांच्या मूठभर किमतीसाठी खटला उभा करण्यात कुणाचेच हित नाही. गावाने वर्गणीतून ती भरपाई केली तर माणूस वाचतो आणि गाडीवालाही दुखावत नाही. मोठा गुन्हा घडला, कुणाला जबर इजा झाली, तर मात्र गुन्हा नोंदवला जातो, तपास होतो. मनाचा आजार हा काही सरसकट माफीचा दाखला नव्हे. कृत्य करताना, आजारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते गैर आहे हेच ज्याला कळत नव्हते, त्याचे कृत्य गुन्हा ठरत नाही. 1860 च्या दंड संहितेत हे चौऱ्याऐंशीवे कलम होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तेच तत्त्व बाविसाव्या कलमात आले आहे. पण हा निर्णय न्यायालयाचा. आणि खटला चालू असला तरी उपचार थांबत नाहीत. दोन्ही गोष्टी बरोबर चालू शकतात. शिवाय हेही ध्यानात ठेवा, की मनोरुग्ण माणूस दुसऱ्याला मारतो त्यापेक्षा दुसऱ्यांचा मार खातो तेच अधिक.

आता एका अशा प्रसंगाकडे वळतो, की जो आपल्या खेड्यापाड्यांतून फार घडतो आणि जिथे पोलिसाच्या भीतीने प्रत्यक्ष जीव जातात. घरात कुणीतरी फवारणीचे औषध पितो. पहिली धावपळ दवाखान्याकडे हवी. पण घरात कुजबूज सुरू होते. ‘केस होईल. पोलीस येतील. चुकून पोटात गेलं असं सांगा.’ बाटली उकिरड्यात टाकली जाते. डॉक्टरला खोटे सांगितले जाते. कोणते विष आहे हे न कळल्याने उतारा द्यायला वेळ जातो.

ही भीती पूर्वी खोटी नव्हती. आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या 309 व्या कलमाखाली गुन्हा होता. त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. जो जगण्याला कंटाळला त्याला जगवल्यावर कैदेत घालायचे, असा तो न्याय. 2017 च्या कायद्याने हे फिरवले. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असेच गृहीत धरावे, उलट सिद्ध झाल्याखेरीज त्याच्यावर खटला भरू नये, शिक्षा करू नये. उलट त्याची शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी, असे एकशे पंधरावे कलम सांगते. पुढे 2024 च्या जुलैपासून नवी न्याय संहिता आली तिच्यात ते जुने कलम राहिलेच नाही. सरकारी नोकराला त्याचे काम करण्यापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी आत्महत्येची धमकी कृतीत उतरवणे, एवढाच प्रकार गुन्हा म्हणून उरला आहे.

तरीही विषबाधेचा रुग्ण आला की दवाखाना पोलिसांना कळवतो आणि पोलीस जबाब घ्यायला येतात. घाबरू नका. विष दुसऱ्याने तर घातले नाही, कुणी छळ तर केला नाही, हे पाहण्यासाठी तो जबाब असतो. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे: औषधाची बाटली किंवा पुडा टाकू नका, तो रुग्णाबरोबर न्या. मिठाचे पाणी पाजून उलट्या काढण्यात वेळ घालवू नका. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. आणि खरे सांगा. खरे सांगितल्याने रुग्णाला आता शिक्षा होत नाही; खोटे सांगितल्याने मात्र त्याचा प्राण जाऊ शकतो.

बाहेरच्या देशांत या बाबतीत काय झाले, त्यातून शिकण्यासारखे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत मेम्फिस नावाचे शहर आहे. 1987 साली तिथे मनाच्या आजाराने बेभान झालेल्या, हातात सुरी असलेल्या एका तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पोलीस मदतीसाठी आले होते, आणि शेवट असा झाला. शहर हळहळले, संतापले. मग पोलीस, मनोविकारतज्ज्ञ आणि रुग्णांची घरची माणसे एकत्र बसली आणि 1988 साली त्यांनी एक पद्धत बसवली. प्रत्येक पाळीत काही पोलीस असे ठेवायचे, की ज्यांनी स्वखुशीने हे काम पत्करले आहे. त्यांना चाळीस तासांचे शिक्षण द्यायचे: आजार ओळखायचा कसा, चवताळलेल्या माणसाशी बोलायचे कसे. त्या शिक्षणात रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक स्वतः येऊन आपली कहाणी सांगतात. असा निरोप आला की याच पोलिसाला पाठवायचे. पुढे ही पद्धत अमेरिकेतल्या शेकडो गावांनी उचलली.

पण त्या योजनेतली खरी मेख निराळीच होती. तिथल्या इस्पितळाने कबूल केले, की पोलिसाने आणलेल्या रुग्णाला आम्ही परत लावणार नाही आणि पोलिसाला ताटकळत ठेवणार नाही. याचे महत्त्व आपल्या हवालदाराला विचारा! इस्पितळात चार तास बाकावर बसायचे आणि कोठडीत टाकायला दहा मिनिटे, असा हिशेब असला तर माणूस कितीही दयाळू असो, रात्री दोन वाजता तो दहा मिनिटांचाच रस्ता धरील. म्हणजे चांगली वाट ही सोपी वाटही व्हावी लागते.

आपल्याकडे अडचण नेमकी इथेच आहे. कायदा चांगला झाला. पण ठाण्यात माणसे मोजकी, गाडी बंदोबस्तावर गेलेली, तालुक्याच्या दवाखान्यात मनोविकाराचा डॉक्टर नाही, आणि जिल्ह्याचे गाव दूर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 साली देशात सुरू झाला आणि जिल्हा रुग्णालयातून हे उपचार मिळू लागले, तरी रात्री-अपरात्री अडचण येतेच. अशा वेळी गावाने नुसते बोट दाखवून भागत नाही. गावाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे.

पहिले काम म्हणजे गर्दी पांगवणे. बिथरलेल्या माणसाला पन्नास चेहरे म्हणजे पन्नास शत्रू. एकानेच बोलावे, बाकीच्यांनी दूर व्हावे. हळू आवाजात, लहान वाक्यांत बोलावे. चार हात अंतर ठेवावे, एकदम अंगाला हात लावू नये, पळायची वाट अडवू नये. तो म्हणाला, ‘माझ्यामागे माणसं लागलीत,’ तर ‘छट्, खोटं आहे’ असा वाद घालू नये. आणि ‘हो, मीही पाहिली’ अशी खोटी रीही ओढू नये. ‘तुम्ही घाबरलेले दिसता. पाणी घेता का? काही खाल्लंत का?’ एवढे विचारले तरी पुष्कळदा हातातला दगड खाली येतो. बाई असेल तर महिला पोलीस मागवावी. वेगाने वाजणारा भोंगा बंद करायला सांगावे.

दुसरे काम माहिती देण्याचे. 112 वर फोन करताना ‘एक गुंड धुमाकूळ घालतोय’ असे सांगितले तर पोलीस त्याच तयारीने येणार. ‘एक आजारी माणूस आहे, घाबरलेला आहे, हातात दगड आहे, मदत हवी’ असे सांगितले तर निराळ्या तयारीने येतील. शब्दाशब्दांत एवढा फरक असतो. गावचाच माणूस असेल तर त्याचे नाव, घरच्यांचा फोन, कोणत्या डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, किती दिवस सुटल्या आहेत, हे एका कागदावर लिहून द्यावे. गोळ्यांचे पाकीट हाती लागले तर उत्तमच.

इथे शिक्षक बंधुभगिनींचे काम सुरू होते. गावात अर्ज लिहायचा झाला की लोक मास्तरांकडे येतात. ‘याचा बंदोबस्त करावा’ असा अर्ज लिहायला कुणी आले, तर लेखणी क्षणभर थांबवा. अर्ज असा लिहा: ‘अमुक ठिकाणी अमुक इसम भटकत असून तो मनाने आजारी असल्याचे दिसते. तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही. तरी त्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100 अन्वये संरक्षणात घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे, ही विनंती.’ खाली सरपंच, पोलीस पाटील आणि तुम्ही, अशा सह्या करा. एक प्रत ठाण्यात द्या, एकीवर पोच घ्या. कागदावर कलम आणि तारीख आली की ठाण्यातल्या भल्या माणसालाही बळ येते. वरच्याने विचारले तर त्याला दाखवायला काहीतरी असते.

घरातच कुणी रुग्णाला साखळीने बांधून ठेवले असेल, उपाशी ठेवले असेल, तरीही मुकाट बसू नका. असा माणूस घरात छळला जातो आहे किंवा त्याची हेळसांड होते आहे असे वाटले, तर ते मॅजिस्ट्रेटला कळवणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. एकशे एकाव्या कलमात ते सांगितले आहे. पुष्कळदा घरचे दुष्ट नसतात, थकलेले असतात. आई शेतावर गेली तर मुलाला सांभाळायचे कुणी, म्हणून खाटेला बांधलेला असतो. अशा घराला शिव्या देण्याआधी दवाखान्याचा रस्ता दाखवा. 14416 या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 2022 च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. फोनवर समुपदेशक बोलतो, गरज असली तर डॉक्टरशी गाठ घालून देतो. फोनला पैसे पडत नाहीत. मुलांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर हा क्रमांक एकदा लिहून घ्या. कोणत्या घरी कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

आणि शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. इस्पितळातून माणूस बरा होऊन गावात येतो त्या दिवशीचे. चार-सहा महिन्यांनी तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून पारावर येऊन बसतो, तेव्हा आपण काय करतो? पोरे मागून खडे मारतात, मोठी माणसे हसतात, मजुरीला कुणी बोलवीत नाही. मग तो गोळ्या सोडतो, कारण गोळ्या खाल्ल्या तर लोकांना कळते. आणि पुन्हा एक दिवस बाजारात काच फुटते. पोलिसाने त्याला इस्पितळाच्या वाटेला लावले, डॉक्टरने बरे केले, आणि आपण त्याला पुन्हा कोठडीच्या वाटेवर आणून सोडले, असे होऊ नये. त्याला कामावर बोलवा. नावाने हाक मारा. वर्गात एखादा मुलगा त्याची नक्कल करू लागला, तर गुरुजी, त्या दिवशीचा पाठ थोडा बाजूला ठेवून मुलांना सांगा, की पायाचे हाड मोडते तसे कधी कधी मनही आजारी पडते, आणि दोन्हींना वैद्य असतो.